उसना घाम

'घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून' ही म्हण आपण सगळेच वापरतो. पण ती वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी घर बांधलेलं असतं. बाकीच्यांनी ते बांधून घेतलेलं असतं. मराठीत या दोन क्रियांमध्ये एका 'घेणं'चाच फरक आहे, त्यामुळे तो पटकन जाणवत नाही. 'आम्ही गावी घर बांधलं' असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा कॉन्ट्रॅक्टरला पैसे दिलेला माणूस असतो. त्यात खोटं काही नाही, भाषेनेच त्याला तेवढी मुभा दिली आहे.

मला बोलायचं आहे ते दुसऱ्या प्रकारच्या घराबद्दल. ज्याच्या पायाची माती मालकाने स्वतः उपसली, ज्याच्या विटा मित्रांनी उचलल्या, ज्याच्या जोत्यात भावकीतल्या पोरांनी मुरूम भरला, असं घर. धुळे-जळगावच्या गावांत अशी घरं अजूनही उभी राहतात. त्यांच्याबद्दल साधारण दोन सुरांत बोललं जातं. एक सूर हळवा: 'पूर्वी माणसं कशी एकमेकांना धावून यायची!' दुसरा व्यवहारी: 'मजुरीचे पैसे वाचले.' या दोन्ही सुरांत एक प्रश्न राहून जातो. मित्राने माझ्या घरासाठी दिलेला दिवस म्हणजे नेमकं काय? ते दान आहे, मजुरी आहे, की कर्ज आहे? उत्तर काय येतं त्यावर मी त्या मित्राचं काय देणं लागतो, हे ठरतं. आणि मुळात ती मदत मी घ्यावी की नाही, हेही.

घाम फुकट नसतो

सुरुवात एका सरकारी नियमापासून करू. २०१६ पासून ग्रामीण भागात प्रधानमंत्री आवास योजना चालू आहे. तिच्या मूळ आखणीत सपाट भागातल्या घरकुलाला १ लाख २० हजार आणि डोंगराळ किंवा दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात, तेही हप्त्याहप्त्याने, बांधकामाचे फोटो चढवल्यावर. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. यातली दोन कलमं फार कमी लोकांना माहीत असतात. पहिलं, या घराला कॉन्ट्रॅक्टर लावायचा नाही. ज्याचं घर त्यानेच ते उभं करायचं. दुसरं, त्याला अनुदानाव्यतिरिक्त रोजगार हमीतून ९० दिवसांची, डोंगराळ भागात ९५ दिवसांची, अकुशल कामाची मजुरी मिळते.

म्हणजे माणूस स्वतःच्याच घराचा पाया खणतो आणि सरकार त्याला त्याचे पैसे देतं. पहिल्यांदा ऐकल्यावर हे विचित्र वाटतं. स्वतःच्या घरी केलेल्या कामाची कसली मजुरी? पण थोडा विचार केला की त्यातलं शहाणपण दिसतं. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाने तीन महिने स्वतःच्या घरावर घालवले, तर त्या तीन महिन्यांत त्याची चूल पेटायची कशाने? 'स्वतःच्या श्रमाने बांधलं, म्हणून स्वस्तात पडलं' हे वाक्य फक्त अशाच माणसाला परवडतं, ज्याच्या दिवसाला दुसरीकडे किंमत नाही किंवा ज्याच्या घरात आधीच धान्य आहे. घाम फुकट नसतो. तो दुसऱ्या कुठल्या तरी कामातून काढून इथे आणलेला असतो.

नियमाने मालकाच्या घामाची किंमत मान्य केली, पण त्याच्याबरोबर विटा उचलणाऱ्या मित्राचा उल्लेख त्यात नाही. तो असायलाही नको. मैत्री नियमात बसवायला गेलं की ती संपते. पण त्या मित्रानेही एक दिवसाची मजुरी सोडलेलीच असते, किंवा स्वतःच्या कपाशीचं एखादं काम पुढे ढकललेलं असतं. त्याची नोंद कागदावर होत नसेल, तर ती कुठे होते?

आखाजीनंतरचे दिवस

ती कुठे व्हायची, हे कळायला जुनं खान्देशी घर बघावं लागतं. ते घर धाब्याचं. मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, त्यांवर फळ्या-काटक्यांचा थर, त्यावर पाला आणि सगळ्यात वर मातीचं सपाट छत. भिंतीसाठी माती भिजवायची, तिच्यात भुसा किंवा काड घालायचं आणि पायांनी तुडवून तिचा गारा करायचा. तो तुडवायला, उचलायला, थरावर थर चढवायला बरेच हात लागतात. आणि असं घर एकदा बांधून संपतही नाही. दर वर्षी पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकली नाही, तर पहिल्या मोठ्या पावसात घरभर भांडी मांडून बसावं लागतं.

हे काम उन्हाळ्यात व्हायचं. रब्बी घरात आलेली, पेरणीला वेळ, आणि आखाजीचा सण मध्ये. खान्देशात सालदाराचं वर्षही आखाजीला संपतं आणि नवं सुरू होतं. म्हणजे गावातल्या बऱ्याच लोकांचे दिवस एकाच वेळी मोकळे असायचे. लोक एकमेकांना मदत करायचे त्यामागे त्यांचा चांगुलपणा होताच, पण त्यांचं कॅलेंडर एक होतं हेही कारण होतं. आज एकाच घरातला एक भाऊ सुरतेला कारखान्यात, दुसरा नाशिकला आणि तिसरा पुण्यात लॅपटॉपसमोर असतो. चांगुलपणा तितकाच असला, तरी सुट्ट्या जुळत नाहीत.

अशा मदतीला मराठीत नावं आहेत. सावड म्हणजे आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात. इर्जिक म्हणजे गावाने औतं घेऊन एकाच्या शेतावर जायचं आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांमध्ये 'लाह' म्हणतात. घर उभारायचं असो की शेतातलं काम असो, हाक दिली की पाड्यावरची माणसं येतात, मजुरी कोणी मागत नाही, घरधनी जेवण देतो. फिनलंडमध्ये यालाच 'तालकोत' म्हणतात आणि तिथेही काम संपल्यावर जेवण ठरलेलं. जगात इतक्या ठिकाणी हीच रीत सापडते, त्यावरून वाटतं की छप्पर ही गोष्ट एकट्याच्या ताकदीबाहेरची आहे, हे माणसाला फार लवकर कळलं असावं.

या सगळ्याला आपण हल्ली 'श्रमदान' म्हणतो. शाळेत, ग्रामपंचायतीत, पाणलोटाच्या कामात हाच शब्द असतो. पण तो इथे बसत नाही. बांधाला, तळ्याला, रानाला दिलेले श्रम हे दान असू शकतं, कारण ते कोणा एकाच्या मालकीचं नसतं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने चारशेहून जास्त हेक्टर जंगल राखलं, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथले श्रम सगळ्यांचे आणि जंगलही सगळ्यांचं. पण मित्राने माझ्या भिंतीला लावलेला हात माझ्या मालकीच्या गोष्टीला लागलेला असतो. सात-बारा नाहीतर नमुना आठ माझ्या नावावर. याला दान म्हणायचं, तर मी याचक ठरतो. मजुरी म्हणायचं, तर मित्र मजूर ठरतो. दोन्ही शब्द आम्हा दोघांनाही आवडणार नाहीत.

वाटीभर पीठ

यासाठीचा खरा शब्द आपल्या स्वयंपाकघरात आहे: उसनं.

शेजारणीकडून वाटीभर पीठ उसनं आणलं, तर ते पिठानेच परत जातं. कोणी दहा रुपयाची नोट नेऊन देत नाही. दिली तर शेजारीण दुखावते. उसन्यावर व्याज नसतं, मुदत नसते, लिहून ठेवलेलं नसतं, पण दोघींनाही ते पक्कं आठवत असतं. आणि एक अलिखित नियम असतो की वाटी रिकामी परत करायची नाही. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये भेटवस्तूंवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. जगभरच्या जुन्या समाजांत देणं, घेणं आणि परत करणं ही तीन बंधनं एकमेकांत कशी गुंतलेली असतात, हे त्यांनी त्यात मांडलं. आपल्या आज्यांना ते वाटीवरून ठाऊक होतं.

मित्राचा दिवस हा उसना दिवस आहे. तो दिवसानेच परत जातो. पैसे दिले की व्यवहार तिथेच मिटतो, आणि मिटणं हा पैशाचा गुणच आहे. उसनं मात्र मिटत नाही, ते पुढे चालत राहतं.

स्वतःच्या हातांनी घर बांधण्याची जगातली बहुधा सगळ्यात गाजलेली हकिगत अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोची आहे. १८४५ च्या वसंतात त्याने मॅसॅच्युसेट्समध्ये वॉल्डन तळ्याकाठी एका खोलीचं घर बांधायला घेतलं आणि ४ जुलैला तो तिथे राहायला गेला. पुढे पुस्तकात त्याने खर्चाचा पै-पैचा हिशेब छापला: फळ्या, विटा, चुना, खिळे, सगळं मिळून २८ डॉलर साडेबारा सेंट. 'माणूस स्वतःचं घर स्वतः बांधू शकतो' याचा पुरावा म्हणून हा आकडा आजही सांगितला जातो. पण तो हिशेब नीट वाचला की कळतं, त्यात जमिनीचं भाडं नाही, कारण जमीन इमर्सन या मित्राची होती. घराचा सांगाडा उभा करायला ओळखीची माणसं आली होती, त्यांचे दिवसही त्यात नाहीत. थोरो ते लपवत नाही. शेजारधर्माची संधी म्हणून त्यांना बोलावलं, तशी गरज नव्हती, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणतो. त्याच्या हिशेबापेक्षा मला एक लहान गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. झाडं तोडायला त्याने कुऱ्हाड उसनी आणली होती, आणि परत करताना ती आणली त्यापेक्षा जास्त धारदार करून दिली, असं तो आवर्जून नोंदवतो. वाटी रिकामी परत करायची नाही, हेच ते.

आता मालकीचा प्रश्न. १६८९ मध्ये जॉन लॉकने मालमत्तेबद्दल जो विचार मांडला, तो थोडक्यात असा: माणूस एखाद्या वस्तूत आपले श्रम मिसळतो, म्हणून ती त्याची होते. मग माझ्या भिंतीत पाच मित्रांचे श्रम मिसळले असतील, तर भिंत कोणाची? लॉकचं तत्त्व जसंच्या तसं लावलं, तर प्रत्येकाला एकेक वीट तोडून द्यावी लागेल. अर्थात कोणीही मित्र तसा दावा करत नाही. घरावर त्याचा हक्क नसतो. पण त्याचं घर उभं राहील, गोठा पडेल, मुलीचं लग्न निघेल, तेव्हा मला हाक मारण्याचा हक्क त्याला मिळालेला असतो. मित्रांच्या मदतीने घर बांधणारा माणूस घराचा मालक होतो आणि त्याच वेळी स्वतःच्या पुढच्या काही दिवसांवरची मालकी सोडून देतो.

हाक कोण मारतं, कोणाला

इथपर्यंतचं चित्र छान आहे, पण अर्धवट आहे. गावात विनामोबदला हात लागायचे ते सगळेच सावडीचे नव्हते. वेठही होती. वाड्याच्या मातीला, पाटलाच्या गोठ्याला राबणारी माणसं मजुरी घेत नव्हती, याचा अर्थ ती मैत्रीखातर आली होती असा नाही. महार वतनाच्या नावाखाली गावाचं कुठलंही काम कधीही करण्याची सक्ती होती, डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये त्याविरुद्ध मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं आणि अशी वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. संविधानाचं २३ वं कलम बिगारीला मनाई करतं, ते याच अनुभवातून.

लांबून बघितलं, तर वेठ आणि सावड अगदी सारख्या दिसतात. दहा माणसं माती उचलतायत, पैसे कोणी घेत नाहीये, दुपारी भाकरी मिळतेय. फरक ओळखायला दोन प्रश्न विचारावे लागतात. येणाऱ्याला 'नाही' म्हणता येत होतं का? आणि ज्याच्या घरी तो आला, तो उद्या याच्या घरी माती उचलायला जाणार आहे का? पाटील कधीही वेशीबाहेरच्या झोपडीचं छप्पर शाकारायला गेला नाही. जी मदत एकाच दिशेने वाहते, तिला कितीही गोड नाव दिलं तरी ती वेठच असते.

सावडीलाही कुंपण होतं. ती भावकीत फिरायची, जातीत फिरायची. गावात एकटंच असलेलं कुटुंब, नव्याने येऊन राहिलेलं कुटुंब, यांच्या हाकेला कोण येणार? 'पूर्वी माणसं धावून यायची' या वाक्यातली 'माणसं' ठरावीक होती. अशा कुटुंबासाठी पैसे घेणारा गवंडी ही सुटका होती. पैसा आडनाव विचारत नाही, किंवा निदान मित्रांच्या गोतावळ्यापेक्षा कमी विचारतो.

आणि सावडीच्या आत आणखी एक सावली होती. आलेल्या दहा माणसांचा स्वयंपाक कोण करत होतं? पाणी कोण आणत होतं, भिंती कोण लिंपत होतं, जमीन शेणाने कोण सारवत होतं? पुरुषांचा दिवस उसना गेला आणि उसना परत आला. त्या दोन्ही दिवशी दोन्ही घरांतल्या बायकांनी केलेलं काम कुठल्याच खात्यात चढलं नाही. घरकुल शक्यतो पत्नीच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करायचं, असा आवास योजनेचा नियम आहे. त्याकडे बरेचजण उपकार म्हणून बघतात. मला ती जुनी थकबाकी वाटते, तीही थोडीशीच फेडलेली.

काय आपलं, काय मिस्त्रीचं

हळव्या सुराचा आणखी एक धोका आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं मेली, आणि त्यातली बहुतेक स्वतःच्या घराखाली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचं जड छत. वर्षानुवर्षं छतावर माती टाकत गेलं की ते जड होत जातं, आणि भिंती सुट्या झाल्या की तेच अंगावर येतं. बांधणारे हात आपुलकीचे होते म्हणून भिंत जास्त टिकत नाही. भिंतीला आपुलकी कळत नाही, वजन कळतं.

पण 'म्हणून सगळं तज्ज्ञांवर सोडा' हेही त्याचं उत्तर नव्हे. ब्रिटिश वास्तुरचनाकार जॉन टर्नर यांनी पेरूमधल्या वस्त्यांत काम केल्यावर १९७२ मध्ये मांडलं की घर ही नुसती वस्तू नाही, ती एक क्रिया आहे. घराबद्दलचे निर्णय राहणाऱ्याच्या हातात असले की साधं घरही त्याच्या उपयोगी पडतं. २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर गुजरातमध्ये बरीच घरं मालकांनीच पुन्हा बांधली. पैसे हप्त्यांनी आणि तपासणीला इंजिनिअर, अशी ती रीत होती. निर्णय आणि श्रम आपले, मोजमाप जाणकाराचं, ही वाटणी मला पटते.

आजच्या आरसीसी घरातही ही वाटणी करता येते. सळईचं अंतर, सेंट्रिंग, स्लॅब हे मिस्त्रीचं काम. तिथे हौशी हात नकोत. जोत्याची भरणी, विटा-वाळू वाहणं, रंग देणं हे मित्रांना जमतं. आणि एक काम असं आहे, जे पूर्ण कॉन्ट्रॅक्टवर दिलेल्या घरातही शेवटी घरच्यांवरच येतं: पाणी मारणं. काँक्रीट वाळून पक्कं होत नाही, ते ओलं राहून पक्कं होतं. किमान सात दिवस, आणि हल्लीच्या बऱ्याच सिमेंटला दहा किंवा जास्त दिवस ते सतत ओलं ठेवावं लागतं. त्याची ताकद मोजतात ती २८ व्या दिवशी. स्लॅब टाकून गडी निघून जातात, आणि मग सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभा राहतो तो घरातला कोणीतरी. घराची ताकद अजूनही थोडी अशा माणसावर अवलंबून असते, ज्याला तिथे राहायचं आहे.

पैसे आहेत, दिवस नाहीत

हे सगळं माझ्यासाठी सध्या पुस्तकी नाही. आमच्या गावी, साक्री तालुक्यात, जुन्या धाब्याशेजारी तीन खोल्या बांधायचं ठरलं आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गावात राहिलेले शाळेतले मित्र आणि शेजारचे नाना जोत्याची भरणी आम्हीच करू म्हणाले. मी फोनवर नानांना विचारलं, 'नाना, किती द्यायचे ते तरी सांगा.' ते म्हणाले, 'पैसा नको रे भो. तू कवय येशी, ते सांग.'

तू कधी येशील, ते सांग. नाना तेव्हा मोठेपणा दाखवत नव्हते, त्यांचा भाव सांगत होते. त्यांना पुढच्या उन्हाळ्यात गोठा बांधायचा आहे. त्यांना माझे दिवस हवे होते, आणि ते माझ्याकडे सगळ्यात कमी आहेत. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांची हीच गोष्ट आहे. आपल्याकडे मजूर लावण्याइतके पैसे आले आणि सावडीला जाण्याइतके दिवस गेले. गावातल्या मित्राचा दिवस घेताना आपण त्याच्या बदल्यात काय ठेवतो? 'काही लागलं तर सांग' हे वाक्य. ते बोलायला सोपं आहे, कारण ते वापरायला तो बहुतेक कधी येत नाही.

माझ्या धंद्यात हे फार ओळखीचं आहे. जगभरच्या मोठ्या कंपन्या मोफत मिळणाऱ्या ओपन सोर्स कोडवर उभ्या आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' नावाच्या एका लहानशा भागात गंभीर खोट सापडली आणि बँकांपासून सरकारांपर्यंत सगळ्यांची झोप उडाली. तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळलं की तो भाग सांभाळणारे लोक मुख्यतः आपल्या फावल्या वेळात ते करतात. अगणित घरं त्यांनी उचललेल्या विटांवर उभी होती, आणि त्यांच्या घरी माती उचलायला बहुतेक कोणी गेलं नव्हतं.

यावर एक चांगला आक्षेप आहे: मैत्रीत मोजायचं कशाला? १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यात विनोबा समजावतात की बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळाली, की त्या कर्माचं ओझं वाटेनासं होतं. करूनही न केल्यासारखं होतं. हे खरं आहे, आणि मित्राच्या घरी दिवसभर मुरूम टाकून आलेल्या कोणालाही ते पटेल. पण ही गोष्ट करणाऱ्याची आहे. ज्याच्यासाठी केलं, त्याची नाही. देणाऱ्याने विसरावं, यात देणाऱ्याचा मोठेपणा आहे. घेणाऱ्याने विसरावं, यात कोणाचाच नाही. नात्याची सगळी पडझड या दोन गोष्टींची अदलाबदल झाली की होते: देणारा मोजायला लागतो आणि घेणारा विसरायला.

म्हणून मी मोजलं. मला वर्षाला अठरा रजा मिळतात. सणवार, दवाखाने, लग्नं सोडली तर पाच दिवस खात्रीने माझे असतात. पाच जणांचे दोन-दोन दिवस घेतले, तर दहा होतात. ते मी दोन वर्षांत परत करू शकतो. म्हणून भरणीचे दोन दिवस त्यांचे, आणि बाकी सगळं काम मजुरी देऊन. नानांच्या गोठ्याच्या दोन दिवसांची रजा मी आताच टाकून ठेवली आहे. पीकविम्याचे अर्ज भरून देणं, कोणाच्या मुलाला कोडिंग शिकवणं, हे मी करू शकतो आणि करेनही. पण त्याने ते दिवस फिटले, असं मी एकट्याने ठरवू शकत नाही. पिठाच्या बदल्यात साखर चालेल का, हे शेजारणीने सांगायचं असतं.

मग ज्याला परत करताच येणार नाही, त्याचं काय? एकटी म्हातारी, आजारी माणूस, कर्त्या मुलाच्या मागे राहिलेलं घर? त्यांनी मदत घेऊ नये, असं अजिबात नाही. त्यांचं छप्पर शाकारणं हे गावाचं कर्तव्य आहे, आणि तिथे दान हा शब्दही नको. 'परत करता येत नाही' आणि 'परत करायला सवड काढायची नाही' यांत मोठा फरक आहे. पहिल्या माणसाकडून काही मागणं क्रूरपणा आहे. दुसऱ्याने मागून घेणं ही वेठ आहे, फक्त आजच्या कपड्यातली.

तेव्हा घर बांधताना मित्र आपणहून पुढे आले, तर त्यांना संकोचाने थांबवू नये आणि डोळे झाकून 'या' असंही म्हणू नये. जितके दिवस आपण माघारी नेऊन देऊ शकतो तितकेच मागावेत, उरलेल्या कामाला रास्त मजुरी द्यावी, आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा दिवसही त्याच वहीत धरावा. वास्तुशांतीला आपण सगळ्यांना जेवायला बोलावतो. ते चांगलंच आहे. पण जेवण ही काही फेड नव्हे, ती फक्त पोच आहे. फेड होईल ती पुढच्या आखाजीनंतर कोणाच्या तरी अंगणात, मुरमाचं घमेलं डोक्यावर घेऊन.